दोघांच्या सहीची होडी

होडी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर नदीकाठची डुलणारी नाव येते, नाही तर कोळ्यांचा मचवा. ‘फोर्टीनाइनर’ ही शर्यतीची होडी या दोघांच्याही गणगोतातली वाटत नाही. लांबी ४.९९ मीटर, म्हणून हे नाव. ऑस्ट्रेलियाच्या ज्युलियन बेथवेट यांनी ती आखली आणि २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपासून ती तिथल्या शर्यतींत आहे. तिला इंजिन नाही, वल्हे नाही, बसायला धड जागाही नाही. आहेत ती भलीमोठी शिडे आणि दोन माणसे. वाऱ्याने होडी कलू लागली, की दोघेही कमरेचा पट्टा डोलकाठीवरून आलेल्या तारेला अडकवतात, होडीच्या काठावर पाय रोवतात आणि पाण्यावर जवळजवळ आडवे होतात. त्यांचे वजन हाच होडीचा तोल.

मला नवल वाटते ते कामाच्या वाटणीचे. सुकाणू एकाच्या हातात. पण वाऱ्याच्या दिशेने वर चढताना मोठ्या शिडाचा दोर दुसऱ्याच्या हातात. म्हणजे स्कूटरचे हँडल एकाकडे आणि ॲक्सिलरेटर दुसऱ्याकडे! वाऱ्याचा सपकारा आला की एकाने दोर सैल सोडायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्याने सुकाणू सांभाळायचे. विचारविनिमयाला सवड नाही. थोडा उशीर झाला, की दोघेही पाण्यात.

बँकेत आमच्याकडे संयुक्त खाती दोन प्रकारची असत. एकात दोघांपैकी कोणाचीही सही चाले. दुसऱ्यात दोघांच्याही सह्या लागत. लोक बहुधा पहिला प्रकार पसंत करीत, कारण दुसऱ्यात अडून राहण्याची भीती. फोर्टीनाइनर हे दुसऱ्या प्रकारचे खाते आहे.

चेन्नईच्या के. सी. गणपती आणि वरुण ठक्कर या जोडीने असे खाते चालवून दाखवले. २०१८ च्या एशियाडमध्ये, इंडोनेशियात, त्यांनी ब्राँझपदक मिळवले. त्याच स्पर्धेत वर्षा गौतम आणि श्वेता शेरवेगर यांनी मुलींच्या ‘एफएक्स’ प्रकारात रौप्यपदक पटकावले. एप्रिल २०२१ मध्ये ओमानमधील मुसन्ना येथे गणपती आणि वरुण यांनी टोकियो ऑलिम्पिकची पात्रता मिळवली. या होडीतून त्यापूर्वी एकच भारतीय जोडी ऑलिम्पिकला गेली होती : २००४ मध्ये अथेन्सला मालव श्रॉफ आणि सुमीत पटेल. मधे सतरा वर्षे गेली.

टोकियोच्या शर्यती एनोशिमाच्या समुद्रात झाल्या. एकोणीस जोड्यांत आपली जोडी सतरावी आली. पदकांच्या यादीवर नजर फिरवणाऱ्याने हा आकडा पाहून पान उलटले असेल. पण या खेळाचा हिशेब कसा असतो पाहा. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, असे करीत शेवटी ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजेता. बारा शर्यतींनंतर पहिल्या दहा जोड्या अंतिम शर्यतीला जातात. हे सारे गुण होडीच्या नावावर पडतात. कोणाचा हात चुकला आणि कोणी सावरून घेतले, याचा रकानाच त्या तक्त्यात नाही.

आणि पणाला लागते ते काय? दोघेही तेव्हा पंचविशीतले. बरोबरीची मुले नोकरीत स्थिरावण्याचे हे वय. अशा वेळी एकाचा खांदा दुखावला, एकाला घरच्यांनी परत बोलावले, किंवा नुसता कंटाळा आला, तर दुसऱ्याचीही वर्षे अडकतात. नवा जोडीदार नुसता कुशल असून भागत नाही. दोघांचे मिळून वजन जमावे लागते आणि न बोलता कळावेही लागते.

मुंबईला हे अगदीच परके नाही. १९८२ च्या एशियाडमधील शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि ‘एंटरप्राइझ’ या दोघांच्याच होडीत फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक जिंकले. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, मार्सेच्या किनाऱ्यावर, भारताचे विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमनन उतरले. पण दोघेही एकेकट्याच्या होडीत. दोघांच्या होडीत आपले कोणी नव्हते.

या खेळात लहान मुले सुरुवात करतात ती ‘ऑप्टिमिस्ट’ नावाच्या, सव्वादोन मीटरहून जेमतेम मोठ्या होडीत, एकटीच. पंधरा वर्षे पुरी झाली की ती होडी सुटते आणि मग कोणी दुसऱ्याबरोबर बसू लागते. आपल्या घरांत मात्र दहावी-बारावी उलटली तरी आपण एकट्याचीच होडी वल्हवत ठेवतो. टेबल वेगळे, टक्के वेगळे, नंबर वेगळा. ‘पहिला ये’ असे आपण मुलाला शंभरदा सांगतो. ‘बरोबरच्याला घेऊन ये’ असे क्वचितच.

तेव्हा तुमचा मुलगा किंवा मुलगी मैत्रीतल्या कोणाबरोबर काही करू पाहत असेल, नाटक म्हणा, दुकान म्हणा, नाही तर होडी, तर ‘त्यात तुझे किती आणि त्याचे किती?’ हा प्रश्न जरा उशिरा विचारा. दोन सह्यांचे खाते उघडायला धाडस लागते. ते चालवायला त्याहून अधिक.