पाय बुडतायत? आधी डोकं खाली घाला!

चाळिशीत ट्रायथलॉनचं खूळ डोक्यात शिरलं, तेव्हा २५ मीटरची एक लेंथ मारली की मी कठडा धरून धापा टाकायचो. वाटायचं, दम कमी पडतोय. खरं तर मी पाण्यात श्वास कोंडून धरत होतो! तोंड पाण्यात असताना बुडबुडे सतत सोडत राहायचे. मग मान वळवल्यावर फक्त श्वास घ्यायचा उरतो. बहुतेक नवशिक्यांची गाडी इथेच अडते.

दुसरी खोड समोर बघायची. डोकं वर आलं की कंबर आणि पाय खाली जातात, मग कितीही हात मारा. नजर तळाकडे ठेवा. श्वासासाठी मान उचलू नका, अंगासोबत कुशीवर वळा. गॉगलची एक काच पाण्यातच राहू दे.

पाय हलकेच मारा, पुढे सायकल आणि धावणं आहेच की!

गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ या ट्रायथलॉन शर्यतीत समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं असतं. तिथे कठडा नाही, तळाची काळी रेघही नाही. म्हणून मगरीसारखे डोळेच वर काढून बोया बघायची सवय तलावातच लावा. आणि समुद्रात एकट्याने सरावाला उतरू नका. कधीच.