श्रीगोंद्याच्या पंपात समुद्र!

श्रीगोंद्यात काय नाही? ऊस आहे, लिंबू आहे, कुकडीच्या आवर्तनाची वाट बघणं आहे. नाही तो फक्त समुद्र. पण थांबा! कृषी सेवा केंद्रात ‘सीवीड’वालं टॉनिक मागा, समुद्र थेट काउंटरवर!

माहीत आहे का, इफ्कोचं ‘सागरिका’ कशाचं बनतं? लाल आणि तपकिरी समुद्री शेवाळाचं! शेवाळावरून घसरतात एवढंच ऐकलं होतं ना? तमिळनाडूच्या रामनाथपुरम किनाऱ्यावर बायकांचे बचत गट त्याच शेवाळावर घर चालवतात.

पिकाचं नाव कप्पाफायकस. शेत म्हणजे ३ बाय ३ मीटरचा बांबूचा तराफा. दोऱ्यांना शेवाळाचे तुकडे बांधायचे, माशांनी ताव मारू नये म्हणून खाली जाळी लावायची, की झाली लागवड. खत नाही, ठिबक नाही. नांगर मात्र लागतो… बोटीसारखा, तराफा वाहून जाऊ नये म्हणून!

६० किलो बेणं, ४५ दिवस, आणि माल चौपटीच्या आसपास. त्यातलंच पुढचं बेणं राखायचं, अगदी उसासारखं. फक्त आपला ऊस वर्षभर हलत नाही! पण हुरळून जाऊ नका: १० किलो ओलं वाळवलं की हाती जेमतेम १ किलो. शिवाय कंबरभर खाऱ्या पाण्यात तासन्‌तास उभं राहायचं ते वेगळंच.

आता करामत बघा, भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेची. ताजं शेवाळ पिळायचं: रस फवारणीला, चोथा कॅराजीननला. हा दाटपणा आणणारा पदार्थ कुठे? आइस्क्रीममध्ये, चॉकलेट मिल्कमध्ये, चक्क टूथपेस्टमध्ये! म्हणजे लिंबाच्या बागेत रस आणि ब्रशवर चोथा. (रस मारला म्हणून खताला सुट्टी नाही हं. टॉनिक ते टॉनिकच.)

भारतात या शेवाळाची करारशेती २०००च्या सुमारास कुणी सुरू केली, माहीत आहे का? पेप्सीने! हो, तीच, थंडावाली.

पण कप्पाफायकस हा पाहुणा, मूळचा फिलिपिन्सचा, आणि पाहुण्याने पाय पसरले तर? मन्नारच्या आखातात कुरुसडै बेटाजवळ तो प्रवाळांवरच जाऊन बसला. २००८मध्ये शास्त्रज्ञांनी तसं नोंदवलंय. म्हणून ‘शाश्वत’चं लेबल लावण्याआधी तराफा कुठे टाकलाय ते बघावं. प्रवाळापासून चार हात लांबच बरा!

पाणी तापलं की या शेवाळाला ‘आइस-आइस’ रोग होतो. फांद्या पांढऱ्याफटक पडून तुटतात. उन्हाळ्यात बर्फ, घ्या! झांझिबारच्या बायकांनी १९८९पासून हीच शेती केली, आणि हाच ताप सोसला.

सरकारही मैदानात आहे बरं का. २०२०च्या मत्स्य संपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटी! कोकणालाही ७२० किलोमीटर किनारा आहे, पण आषाढातल्या खवळलेल्या दर्यात बांबूचा तराफा? विचारूच नका.

तुमच्या पुडिंगमधलं चायना ग्रास? तेही समुद्री शेवाळच, जात वेगळी. १८८१मध्ये फॅनी हेसे बाईंनी जेली घट्ट करायची ही घरगुती युक्ती सुचवली, आणि जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू त्यावर वाढू लागले. स्वयंपाकघर थेट सायन्समध्ये!

आणि सुशीवरची नोरी? तीही शेवाळच! तिचं जीवनचक्र १९४९मध्ये उलगडलं ब्रिटिश संशोधक कॅथलीन ड्रू-बेकर यांनी. जपानची नोरी-शेती त्यावर सावरली, उतो शहरात त्यांचं स्मारक उभं राहिलं, दर १४ एप्रिलला उत्सव होतो. बाई मात्र जपानला एकदाही गेल्या नव्हत्या!