लंकेंतील घटनासुधारणा : विलंब कां ?

सत्तेच्या दाराशीं उभें असतां दिलेलें वचन सत्तेच्या आसनावर बसल्यानंतर कितपत आठवतें, याची परीक्षा आमच्या शेजारीं, श्रीलंकेंत, चालू आहे. २०२४ च्या सप्टेंबरांत अनुरा कुमारा दिसानायके हे त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष निवडून आले, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्यांच्या 'राष्ट्रीय जनशक्ति' आघाडीस संसदेच्या २२५ पैकीं १५९ जागा मिळाल्या. आदल्या संसदेंत जिचे अवघे ३ सभासद होते, तिला घटना बदलण्यास लागणारें दोन-तृतीयांश, म्हणजे १५० मतांचें, बळ लोकांनीं एका दिवसांत दिलें. तें देतांना लोकांपुढें जो जाहीरनामा होता त्यांत नवी घटना करूं, राष्ट्राध्यक्षाचें सर्वाधिकारी पद मोडून संसदेस जबाबदार असें मंत्रिमंडळ कारभारावर बसवूं, आणि प्रांतिक मंडळांच्या तुंबलेल्या निवडणुका घेऊं, असें लिहिलें होतें. सत्तेचें पहिलें वर्ष या घटनेचा मसुदा संसदेपुढें न येतांच संपलें. हें वचन नव्या सरकारानें पाळावें कीं नाहीं हा आमच्या मतें प्रश्नच नव्हे. केव्हां आणि किती पाळावें एवढाच प्रश्न आहे, व त्याचें उत्तर शोधावयास लंकेचा स्वतःचा इतिहास पुरेसा आहे.

हें पद काय आहे तें प्रथम पाहूं. १९४८ सालीं स्वतंत्र झालेल्या सिलोननें आरंभीं इंग्लंडच्या धर्तीची संसदीय राज्यपद्धतिच स्वीकारली होती. जे. आर. जयवर्धने यांस ती मानवेना. संसदेच्या रोजच्या रागालोभापासून अलिप्त आणि ठराविक मुदतीपर्यंत अढळ असा अधिकारी देशाच्या शिरोभागीं असल्याखेरीज गरीब देशाची भरभराट होणें नाहीं, हा विचार त्यांनीं १९६६ सालीं एका विद्वत्सभेपुढें बोलून दाखविला. त्यांच्याच पक्षाचे नेते डडले सेनानायके यांचा पुढें त्यास विरोध होता. परंतु १९७७ च्या निवडणुकींत १६८ पैकीं १४० जागा हातीं येतांच विचाराचा कायदा झाला. ४ फेब्रुवारी १९७८ रोजीं जयवर्धने स्वतःच पहिले सर्वाधिकारी राष्ट्राध्यक्ष झाले. नवी घटना त्यानंतर सप्टेंबरांत अंमलांत आली. आधीं आसन आणि मग तें ठेवावयास घर, असा तो प्रकार होता. या घटनेनें राष्ट्राध्यक्ष हाच राज्याचा प्रमुख, हाच सरकारचा प्रमुख आणि हाच सेनेचा अधिपति झाला. पदावर असेपर्यंत त्याच्यावर कोर्टांत दावा चालूं नये अशीही सोय झाली.

याच प्रश्नाचा खल आमच्या घटनासमितींत १९४८ च्या नोव्हेंबरांत झाला होता. कारभारास स्थैर्य हवें तशीच जबाबदारीही हवी, पण दोन्ही सारख्याच प्रमाणांत देणारी पद्धति अद्याप कोणास सांपडलेली नाहीं, असें सांगून डॉ. आंबेडकरांनीं अमेरिकेच्या पद्धतींत स्थैर्य अधिक आणि संसदीय पद्धतींत जबाबदारी अधिक हा भेद दाखविला, आणि आपला मसुदा जबाबदारीच्या बाजूस झुकलेला आहे हें निःसंकोच कबूल केलें. जयवर्धन्यांनीं नेमकें उलट माप टाकलें. बरें, अमेरिकेचा अध्यक्ष घेतला तर त्यास आवरणारी तेथील स्वतंत्र काँग्रेस आणि आपल्या अधिकाराविषयीं दक्ष असणारीं तेथील घटक राज्येंही घ्यावयास हवीं होतीं. लंकेनें घोडा तेवढा घेतला. लगाम दुकानींच राहिला.

स्थैर्य तरी मिळालें काय ? जयवर्धन्यांनीं आपल्याच पक्षाच्या संसद-सभासदांकडून तारीख न घातलेले राजीनामे लिहून घेतले होते, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. ज्या संसदेनें अधिकाऱ्यास जाब विचारावयाचा तिच्या बहुसंख्य सभासदांचीं पदें त्याच अधिकाऱ्याच्या खिशांत ! १९८२ च्या डिसेंबरांत तर नवी निवडणूक न घेतां केवळ जनमत घेऊन त्याच संसदेचें आयुष्य ६ वर्षांनीं वाढविण्यांत आलें. १९८३ चा तमिळांचा संहार, २००९ पर्यंत चाललेलें उत्तरेचें युद्ध, १९८७ ते १९८९ पर्यंतचें दक्षिणेंतील सिंहली तरुणांचें बंड आणि तें ज्या क्रूरतेनें चिरडलें गेलें ती क्रूरता, हें सारें या 'स्थिर' पद्धतीच्याच छायेखालीं घडलें. या सर्व अनर्थांचें मूळ एका पदांत आहे असें आम्ही म्हणत नाहीं. हें पद असलें म्हणजे असे अनर्थ टळतात, हा जो दावा होता तो मात्र खोटा ठरला.

अगदीं अलीकडचें उदाहरण याहून बोलकें आहे. २०१९ च्या नोव्हेंबरांत गोटाबाया राजपक्षे निवडून आले, आणि २०२० च्या ऑक्टोबरांत विसाव्या घटनादुरुस्तीनें संसदेनें आपले मधल्या काळांत परत मिळविलेले हक्क १५६ विरुद्ध ६५ मतांनीं पुन्हां त्यांच्या पायांवर वाहिले. पुढें सहाच महिन्यांत, २०२१ च्या एप्रिलांत, रासायनिक खतांची आयात बंद करून साऱ्या देशाची शेती एका हंगामांत सेंद्रिय करावयाची, असा निर्णय झाला. ज्या शेतकऱ्यास पेरणीच्या तोंडावर खत मिळालें नाहीं त्यास या निर्णयाची किंमत कोणीं सांगावयास नको. भात घसरला, चहा घसरला, आणि नोव्हेंबरांत बंदी गुंडाळावी लागली. पण तोंवर हंगाम हातचा गेला होता. २०१९ च्या अखेरीस केलेल्या भरमसाट करकपातीनें तिजोरी आधींच खिळखिळी झाली होती. २०२२ च्या एप्रिलांत देशानें परदेशी कर्जाची फेड थांबविली; स्वातंत्र्यानंतर अशी वेळ प्रथमच आली. तेल नाहीं, औषध नाहीं, दिवसाचे तासचे तास वीज नाहीं. शेवटीं ९ जुलै रोजीं लोक राष्ट्राध्यक्षाच्या वाड्यांत शिरले, आणि १३ तारखेस राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले. एका माणसाच्या मनांत आलेली गोष्ट मंत्रिमंडळांत कोणीं अडवूं शकला असता, संसदेंत कोणीं विचारूं शकला असता, तर लोकांना ती वाड्याच्या दिवाणखान्यांत जाऊन विचारावी लागली नसती.

तेव्हां रोग कोणास कळलेला नाहीं असें नाहीं. १९९४ सालीं चंद्रिका कुमारतुंगे यांनीं हें पद १५ जुलै १९९५ पूर्वीं रद्द करण्याचें तारीखवार वचन दिलें होतें. त्या दिवशीं तें रद्द झालें नाहीं. २००० सालीं संसदेंत मसुदा आला तेव्हां विरोधकांनीं त्याच्या प्रति सभागृहांतच जाळल्या. महिंदा राजपक्षे यांच्या कारकीर्दींत २०१० सालीं अठराव्या दुरुस्तीनें दोनच मुदतींची मर्यादा होती तीही काढून टाकली. २०१५ सालीं मैत्रीपाल सिरिसेना यांनीं बऱ्याच अंशीं शब्द पाळला : एकोणिसाव्या दुरुस्तीनें मुदत ६ वर्षांवरून ५ वर्षांवर आली, दोन मुदतींची मर्यादा परत आली, आणि न्यायाधीशादि मोठ्या नेमणुकांवर घटना-परिषदेचा अंकुश बसला. पण पद तसेंच राहिलें. याचें फळ २०१८ च्या ऑक्टोबरांत दिसलें. त्याच सिरिसेनांनीं पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे यांस एका रात्रींत काढून महिंदा राजपक्षे यांस नेमलें, व तें संसदेंत टिकेना तेव्हां संसदच बरखास्त केली. सर्वोच्च न्यायालयानें ती बरखास्ती एकमतानें बेकायदा ठरविली. हें न्यायालयास करतां आलें तें एकोणिसाव्या दुरुस्तीमुळेंच. आणि हें करावें लागलें तें ती दुरुस्ती अर्धी होती म्हणून. अर्धी सुधारणाही व्यर्थ जात नाहीं आणि अर्धी सुधारणा पुरीही पडत नाहीं, या दोन्ही गोष्टी त्या सात आठवड्यांत एकदम सिद्ध झाल्या.

१९९४ च्या वचनासंबंधीं एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्या वचनाच्या भरंवशावर एका उमेदवारानें आपली उमेदवारी मागें घेतली होती. त्याच्या पाठीशीं जनता विमुक्ति पेरमुन हा पक्ष होता, आणि आजच्या सत्ताधारी आघाडीचा कणा तोच आहे. २०१८ सालीं याच पक्षानें हें पद रद्द करण्यासाठीं खासगी विधेयकही संसदेंत आणलें होतें. फसवणुकीचा चटका ज्यास स्वतःस बसला आहे त्यानें तोच चटका दुसऱ्यास देऊं नये, एवढी अपेक्षा करणें म्हणजे फार झालें असें आम्हांस वाटत नाहीं.

विलंबाच्या समर्थनार्थ जें सांगितलें जातें त्यांत कांहीं तथ्य आहे. देश आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या २०२३ च्या सुमारें ३ अब्ज डॉलरांच्या करारानें बांधलेला. त्यांत २०२५ च्या नोव्हेंबरअखेर आलेल्या दित्वा चक्रीवादळानें शेंकडों माणसें नेलीं आणि डोंगराळ मुलुख खचविला. भुकेल्या माणसास घटना काय खावयाची आहे, असें कोणीं विचारलें तर त्यास उर्मटपणें उत्तर देणें योग्य नव्हे. पण उत्तर आहे. ही भूक कोठून आली ? कोणीं न अडविलेल्या निर्णयांतून आली. दुसरा आक्षेप आम्हांस अधिक जड वाटतो. राष्ट्राध्यक्ष सबंध देशाच्या मतानें निवडावयाचा असल्यानें उमेदवारास तमिळ व मुसलमान मतदारांचीही मनधरणी करावी लागते, आणि २०१५ सालीं त्यांच्याच मतांनीं पारडें फिरलें, असें त्या समाजांतील कांहीं विचारी लोक म्हणत आले आहेत. परंतु २०१९ सालीं मुख्यतः सिंहली मतांच्या जोरावर गोटाबाया निवडून आले, आणि तो आधार किती कच्चा आहे हें सर्वांस दिसलें. राहतां राहिला तिसरा आक्षेप, कीं सध्यांचा अधिकारी सज्जन आहे. असेलही. घटना त्याच्यानंतर येणाऱ्यासाठीं असते.

तथापि केवळ पद मोडलें म्हणजे लंकेचें राज्य सुधारलें, असा भाबडेपणा आम्ही करणार नाहीं. १९७२ च्या घटनेंत सर्वाधिकारी राष्ट्राध्यक्ष नव्हता. संसद सर्वश्रेष्ठ होती. तरी त्याच घटनेनें अल्पसंख्याकांस पूर्वींच्या घटनेंत असलेलें संरक्षण काढून घेतलें. एका माणसाची मनमानी जाऊन एका बहुमताची मनमानी आली, तर जाफन्याच्या माणसास त्यांत फरक तो काय ? म्हणून अधिकार राजधानींतून प्रांतांकडे गेला पाहिजे. १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर तेराव्या दुरुस्तीनें प्रांतिक मंडळें निर्माण झालीं. या करारापायीं आमचे हजारांहून अधिक शिपाई त्या बेटावर पडले, तेव्हां त्याचें पुढें काय झालें हें विचारण्याचा थोडा हक्क आम्हांसही पोंचतो. झालें असें कीं जमीन व पोलीस यांवरील अधिकार कागदावरच राहिले, गव्हर्नर राष्ट्राध्यक्षानें नेमावयाचा म्हणून मंडळांची दोरी त्याच्याच हातीं राहिली, आणि २०१४ नंतर २०२५ संपेपर्यंत एकाही प्रांताची निवडणूक झाली नाहीं. निवडणूक-पद्धति बदलावयाची म्हणून २०१७ सालीं कायदा केला. मतदारसंघांची आंखणी मंजूर झाली नाहीं. आणि नऊही प्रांत गव्हर्नरांच्या हवालीं गेले. वरिष्ठाची मुखत्यारी आणि प्रांतांची मुस्कटदाबी हीं दोन दुखणीं निराळीं नाहींत, हें यावरून दिसेल.

येथेंच नव्या सरकारची खरी कसोटी आहे. जनता विमुक्ति पेरमुनेनें १९८७ सालीं या मंडळांस कडवा विरोध केला होता, आणि उत्तर व पूर्व प्रांतांचें एकीकरण २००६ सालीं न्यायालयाकडून रद्द करविण्यांतही त्या पक्षाचे लोक पुढें होते. राष्ट्राध्यक्षपद रद्द करणें त्याच्या जुन्या मताशीं जुळतें. प्रांतांस अधिकार देणें जुळत नाहीं. पण २०२४ सालीं जाफना जिल्ह्याच्या ६ पैकीं ३ जागा तमिळ मतदारांनीं याच आघाडीस दिल्या. दक्षिणेंतून उठलेल्या पक्षावर उत्तरेनें एवढा विश्वास टाकला, हें फार दिवसांत घडलें नव्हतें. तो विश्वास पुढच्या निवडणुकीपर्यंत वाट पाहत बसेलच असें नाहीं.

मार्ग सोपा नाहीं हें आम्ही जाणतों. पद रद्द करावयाचें तर दोन-तृतीयांश मतांखेरीज जनमतही घ्यावें लागेल. २०१५ सालीं न्यायालयानें राष्ट्राध्यक्षाचे मुख्य अधिकार पंतप्रधानाकडे नेणाऱ्या कलमांस जनमत हवें असें म्हटलें, आणि जनमताच्या धास्तीनें तीं कलमें गाळलीं गेलीं. जनमत जिंकावयाचें तें लोकांचा विश्वास ताजा असतां. मसुदा नव्यानें रचण्याचीही गरज नाहीं : २०१६ पासून संसदेनें घटनासमिति म्हणून बसून केलेलें काम आणि लोकांच्या सूचना गोळा करणाऱ्या समितीचा अहवाल दप्तरांत तयार आहेत, व तेंच काम पुरें करूं असें जाहीरनाम्यांत म्हटलेलें आहे. प्रांतांच्या निवडणुकांस तर एवढाही खटाटोप नको. एक लहानसें दुरुस्ती-विधेयक आणून जुन्या पद्धतीनें त्या घेतां येतात, आणि १५९ सभासदांच्या सरकारास तें मंजूर करून घेण्यास कोणाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत नाहींत. सरकारनें आरंभ तेथून करावा, आणि राष्ट्राध्यक्षपदाचें विधेयक कोणत्या तारखेस संसदेपुढें येणार तें त्याच बैठकींत जाहीर करावें.