सिंगल-सीटर ते एन्ड्युरन्स: अर्जुन मैनीचा प्रवास 🏁

खडकी-पुण्यातल्या सगळ्या रेसिंगप्रेमींसाठी!

२०११ मध्ये फॉर्म्युला १ मधल्या फोर्स इंडिया संघाने देशभरातून कार्टिंग करणारी मुलं निवडली. त्यात मुंबईचा जेहान दारूवाला होता आणि बंगळूरचा अर्जुन मैनी. जेहान पुढे फॉर्म्युला २ च्या शर्यती जिंकून फॉर्म्युला ई मध्ये गेला. अर्जुनने वेगळी वाट धरली.

२०१४: बीआरडीसी फॉर्म्युला ४ मध्ये उपविजेता. विजेता होता जॉर्ज रसेल!
२०१७: बार्सिलोनात जीपी३ शर्यतीत विजय.
२०१८: फॉर्म्युला २, ट्रायडंट संघ.
२०१९: थेट ल मॉंची २४ तासांची शर्यत, एलएमपी२ या प्रोटोटाइप गाड्यांच्या गटात.
२०२१: नारायण कार्तिकेयन आणि नवीन राव यांच्यासोबत 'रेसिंग टीम इंडिया'कडून एशियन ल मॉं मालिका. त्याच वर्षी जर्मनीच्या डीटीएम मालिकेत पदार्पण.

सिंगल-सीटरकडून लांब पल्ल्याच्या एन्ड्युरन्स शर्यतींकडे हा बदल का? फॉर्म्युला १ मध्ये जागा अगदी मोजक्या. ल मॉंला साठेक गाड्या आणि प्रत्येकीत सहसा तीन ड्रायव्हर.

पण कसब वेगळं लागतं. ल मॉंची एक फेरी १३.६ किमीची, साधारण खडकी ते निगडी एवढी. एलएमपी२ गाडी ती साडेतीन मिनिटांच्या आसपास पुरी करते. रात्रीच्या अंधारात, कमी वेगाच्या जीटी गाड्यांना ओलांडत. सहा तासांत चार तासांहून जास्त एकाच ड्रायव्हरने चालवायचं नाही, असा नियम. टायर आणि इंधन जपायचं, गाडी धडधाकट ठेवून जोडीदाराच्या हाती द्यायची.

कार्टिंग करणाऱ्या मुलांनो, फॉर्म्युला १ हे एकच शिखर नाही. ही वाटही तितकीच मानाची आहे!