लेकरांच्या पायात गावचा इतिहास



बोंडअळीच्या सभेसाठी खारपाणपट्ट्यातल्या एका गावी गेलो होतो. सभा शाळेच्या ओट्यावर होती. समोर पहिली-दुसरीची लेकरं ढोलकीच्या ठेक्यावर रांगेनं चालत होती. शेजारचे आजोबा म्हणाले, "साहेब, पोट्टे नुसते नाचून राह्यले. शिकतात कवा?"

मलाही तसंच वाटलं. ढोलकी थांबली. बाईंनी विचारलं, "कुठं चाललो होतो आपण?" एक चिमुरडी म्हणाली, "दहीहांड्याले. मीठ कराले!" आजोबा गप्प झाले.

दहीहांडा आपल्या अकोला जिल्ह्यातलं गाव. गांधीजींनी ६ एप्रिल १९३० ला दांडीला मिठाचा कायदा मोडला. वऱ्हाडात समुद्र कुठला? पण पूर्णाकाठच्या विहिरींचं पाणी खारं. त्याच महिन्यात सत्याग्रहींनी दहीहांड्याला त्या पाण्यापासून मीठ केलं. ज्या पाण्याला आपण रोज नावं ठेवतो, तेच त्या दिवशी कामी आलं. पुढे १० जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला गवत कापून जंगल सत्याग्रह केला.

सहा वर्षांच्या लेकराला 'कायदेभंग' शब्द समजत नाही. पण दोर ओढणं, विळ्यानं गवत कापणं त्यानं घरी पाहिलेलं असतं. म्हणून आधी पाच मिनिटं गोष्ट सांगावी. मग फक्कीनं विहीर आखावी. काही लेकरं चालतील, काही पाणी शेंदतील, काही हात हलवून जाळ होतील. शिपाई आला तरी रांग मोडायची नाही. मारामारी दाखवू नये. पुढारी कधी मुलगा, कधी मुलगी असावी. शेवटी खाली बसवून विचारावं: मीठ का केलं? शिपाई का आला? हे विचारणं राहिलं, तर नुसता नाचच उरतो.

हे काही नवं खूळ नाही. लग्नानंतर काही काळ अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी-कोसबाडला बालवाडीत गाणी, नाच आणि गोष्टींना मानाची जागा दिली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ साली बर्लिनला आपले देशी खेळ दाखवून आला. अंग हलवून शिकणं आपल्या मातीत आहे.

खर्च म्हणाल तर ढोलकी गावातल्या भजनी मंडळाची, फक्की शाळेची. सरपंच आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी एवढंच करावं: येत्या १५ ऑगस्टला सिनेमाच्या गाण्यांतली दहा मिनिटं काढून गावच्या गोष्टीला द्यावी. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आधीच शाळेत बोलवावं. त्यांनी बापाकडून ऐकलेलं त्यांच्यासोबत गेलं, तर कोणत्याच पुस्तकात सापडणार नाही.

निघताना आजोबा बाईंना म्हणत होते, "मॅडम, माह्या बापानंही सांगतलं होतं काही. उद्या येऊ का?"