अदलाबदलीतील खेळाडू

सरकारी नोकराची वा शिक्षकाची बदली होते तेव्हा गाव बदलते, कचेरी बदलते. पण मालक तोच राहतो. उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमधील तरुण खेळाडूच्या वाट्याला येते ती बदली नव्हे, अदलाबदल. एक संघ त्याचा करार दुसऱ्या संघाच्या स्वाधीन करतो, मोबदल्यात दुसरा खेळाडू घेतो, आणि करारात तशी खास अट नसेल तर त्या तरुणाची संमती घेण्याचे कारणही पडत नाही. माणसाची अशी देवघेव व्हावी हे कानाला बरे वाटत नाही. तथापि याच देवघेवीतून काही तरुणांचे नशीब उजळले, हेही तितकेच खरे आहे. हे नेमके कशामुळे घडते, याचा विचार हॉकीत रस नसणाऱ्यांनीही करण्याजोगा आहे.

ही हॉकी आपल्या मैदानावरची नव्हे. पायांत धारदार पात्यांचे बूट आणि चेंडूऐवजी कठीण रबरी चकती घेऊन ती बर्फावर खेळली जाते. गोलरक्षकासह सहाच खेळाडू एका वेळी बर्फावर असतात, आणि आघाडीच्या तुकड्या सतत आलटूनपालटून उतरतात. कोणाला कोणत्या तुकडीत किती वेळ खेळू द्यायचे, हे प्रशिक्षक ठरवतो. होतकरू मुलांची दरसाल निवड होते. मागे पडलेल्या संघांना साधारणतः आधी निवडीचा हक्क असतो. अठराव्या वर्षी मिळालेला निवडीचा तो क्रमांक पुढे कित्येक वर्षे मुलाच्या नावाला चिकटून राहतो.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकूव्हर शहराच्या कनक्स संघाने १९८३ मध्ये नवव्या क्रमांकावर कॅम नीली या मुलाला निवडले. तो त्याच प्रांतातला. पण उजव्या बाजूला स्टॅन स्मिल आणि टोनी टँटी हे दोघे जम बसलेले खेळाडू होते. नीलीला मागच्या तुकडीत मिळेल तेवढ्या वेळावर समाधान मानावे लागे. तीन हंगामांत मिळून त्याचे ५१ गोल झाले. ६ जून १९८६ रोजी, त्याच्या एकविसाव्या वाढदिवशीच, संघाने त्याला बॉस्टनच्या ब्रुइन्स संघाकडे धाडले. शिवाय पुढील वर्षीच्या पहिल्या फेरीतील निवडीचा आपला हक्कही देऊन टाकला. मोबदल्यात आला बॅरी पेडरसन. त्याने १९८३-८४ च्या हंगामात ११६ गुण मिळवले होते. मात्र त्यानंतर खांद्यातील गाठीसाठी त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. कागदावर पाहता हा सौदा वेडेपणाचा नव्हता. व्हँकूव्हरमधील पहिल्या हंगामात पेडरसनने ७६ गुण मिळवलेही.

पण बॉस्टनमध्ये नीलीने पहिल्याच हंगामात ३६ गोल केले. माणूस तोच, वयात फक्त एका उन्हाळ्याची भर. बदलले होते ते भोवताल. बॉस्टनचे जुने क्रीडागृह नेहमीच्या मापापेक्षा लहान होते. २०० फूट लांबी व ८५ फूट रुंदीऐवजी १९१ आणि ८३. अशा अरुंद जागेत नीलीच्या अंगबळाच्या खेळाला बहर आला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, येथे त्याला वरच्या तुकडीत जागा मिळाली. पुढे त्याने दोन हंगामांत पन्नासचा टप्पा ओलांडला. १९९१ मध्ये मांडीला झालेल्या दुखापतीमुळे पुढचे दोन हंगाम जवळजवळ वाया गेले. तरी १९९३-९४ मध्ये त्याने पन्नासावा गोल स्वतःच्या ४४ व्या सामन्यातच केला. एकतिसाव्या वर्षी शरीराने साथ सोडली तेव्हा कुठे तो थांबला. व्हँकूव्हरने दिलेल्या निवडीच्या हक्कातून बॉस्टनला ग्लेन वेस्ली मिळाला, तो वेगळाच लाभ.

व्हँकूव्हरकर या सौद्याने वर्षानुवर्षे हळहळले. परंतु दहाच वर्षांनी तराजूचे पारडे फिरले. १९९१ च्या निवडीत सातव्या क्रमांकावर धिप्पाड अलेक स्टोयानोवला व्हँकूव्हरने घेतले होते; सोळाव्या क्रमांकावर स्वीडनचा मार्कस नॅसलुंड पिट्सबर्गकडे गेला होता. मारिओ लम्यू आणि यारोमिर यागर यांच्यासारखे दिग्गज असलेल्या त्या संघात नॅसलुंडचे पहिल्या हंगामात अवघे ४ गोल झाले. मार्च १९९६ मध्ये दोघांची अदलाबदल झाली. पुढे स्टोयानोवच्या नावावर या लीगमध्ये १०७ सामन्यांत केवळ २ गोल लागले. नॅसलुंड आठ वर्षे व्हँकूव्हरचा कर्णधार राहिला आणि २००२-०३ मध्ये त्याने १०४ गुण मिळवले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. नॅसलुंडची दुसरी संधी लगेच फळाला आली नाही. १९९७-९८ मध्ये तो १४ गोलांवर अडला होता आणि त्याला बाकावर बसवले जात होते. त्या वर्षी व्हँकूव्हरने पुन्हा घाई केली असती, तर नीलीच्या सौद्याची पुनरावृत्ती झाली असती. पुढच्याच हंगामात त्याने ३६ गोल केले. अखेरीस नॅसलुंडच्या खाती ३९५ गोल जमा झाले. नीलीचेही तितकेच, ३९५. एक व्हँकूव्हरने गमावलेला, दुसरा व्हँकूव्हरने कमावलेला. एकाच शहराने धीर सोडल्याची आणि धीर धरल्याची ही दोन खाती. २०११ मध्ये अजिंक्यपदाच्या निर्णायक सामन्यात बॉस्टनने व्हँकूव्हरला त्याच्याच घरी ४-० असे हरवले, तेव्हा बॉस्टन संघाचा अध्यक्ष कॅम नीली होता.

मग स्टोयानोव आणि पेडरसन यांचे काय? त्यांनाही नवा संघ मिळाला, म्हणजे दुसरी संधी मिळाली, असेच म्हणावे लागेल. म्हणूनच केवळ गाव बदलल्याने भाग्य बदलते, हा समज खरा नव्हे. दुसरी संधी म्हणजे अनुरूप काम, पुरेसा वेळ आणि एका अपयशानंतरही न डळमळणारा विश्वास. यांतील एकही गोष्ट खेळाडूच्या एकट्याच्या हाती नसते. ती देणाऱ्याच्या हाती असते. स्टोयानोवला सातवा आणि नॅसलुंडला सोळावा ठरवणारे लोक अनाडी नव्हते, ते त्या व्यवसायातले जाणकार होते. अठरा वर्षांच्या मुलाची पारख त्यांनाही साधली नाही.

आपल्याकडे गुणपत्रिकेवरून शाखा ठरते, पहिल्या नेमणुकीवरून कर्तबगारी ठरते आणि गोपनीय अहवालातील एका शेऱ्यावरून माणूस वर्षानुवर्षे एकाच टेबलावर खितपत राहतो. येथे अदलाबदलीचा बाजार नाही, हे चांगलेच. परंतु बाजार नसल्याने, एका ठिकाणी कोमेजलेल्या माणसाला दुसरीकडे मागून घेणारेही कोणी नसते. ते काम मग वर्गशिक्षकाला, मुख्याध्यापकाला, खातेप्रमुखालाच करावे लागते. मागच्या बाकावरचा मुलगा तेथे का बसला आहे, त्याच्या पुढे कोणाची जागा आधीच पक्की झाली आहे, आणि त्याला आजवर खेळायला वेळ तरी किती मिळाला, एवढे तीन प्रश्न त्याच्याविषयी शेरा लिहिण्यापूर्वी विचारले गेले, तरी पुष्कळ होईल.