मुंबईची कुत्री आणि मुंबईची महापालिका

कोंडवाडा तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. कोणाची गाय दुसऱ्याच्या रानात शिरली, पीक खाल्ले, की तिला कोंडवाड्यात घालतात. मालक येतो, दंड भरतो, चाऱ्याचे पैसे भरतो आणि गाय सोडवून नेतो. हा कायदा १८७१ सालचा आहे. दंड भरताना मालक कुरकुर करतो खरा, पण काम निभते. कारण त्या जनावराला मालक असतो.

पण ज्या जनावराला मालकच नाही, त्याचे काय करायचे? रस्त्यावरचे कुत्रे घ्या. दंड कोणाकडून घेणार? त्याला खायला कोणी घालायचे? ते कोणाला चावले, तर बोल कोणाला लावायचा?

मुंबई शहरापुढे हा प्रश्न जवळजवळ दोनशे वर्षे उभा आहे. तुमच्या गावातले कोणी ना कोणी लालबाग-परळला किंवा गिरगावात राहत असेल. त्यांच्या चाळीखाली कुत्री असतातच. त्यांचे काय करायचे हे ठरवताना मुंबईने बऱ्याच चुका केल्या. त्या चुका आपल्याला फुकट शिकायला मिळतात, म्हणून ही हकिगत आम्ही सांगतो आहोत.

गोष्ट १८३२ सालची. तेव्हा मुंबईत इंग्रजांच्या कंपनीचे राज्य होते. उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात, अशी तेव्हा समजूत होती. म्हणून दर वर्षी ठरावीक दिवसांत मोकाट कुत्री मारायचा हुकूम असे. एक कुत्रे मारले की आठ आणे मिळत. तेव्हा आठ आणे ही काही लहान रक्कम नव्हती. त्या वर्षी सरकारने हे दिवस वाढवून जूनच्या मध्यापर्यंत नेले. आता पैशाचा लोभ वाईट. मारणारे घरची कुत्रीही सोडीनात.

पारशी लोकांना कुत्रे फार पवित्र. त्यांच्यात माणूस मेला की प्रेताला कुत्र्याची नजर दाखवण्याची रीत आहे. आपल्याकडे दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात, ती आठवा म्हणजे त्यांचे मन कळेल. ६ जून १८३२ रोजी कोट भागात पारशी लोक कुत्री मारणाऱ्या शिपायांच्या अंगावर गेले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला. हिंदू आणि जैन व्यापारीही त्यात सामील झाले. गोऱ्या पलटणीला जाणारी खाण्यापिण्याची रसद अडवली. शेवटी फौज रस्त्यावर आणावी लागली, तेव्हा दंगा शमला.

पाहा, हुकूम काढणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे नाही. पिसाळलेले कुत्रे चावले तर माणूस मरतो, ही भीती खरीच होती. पण ज्यांच्या दारात जाऊन ही कुत्री मारायची, त्यांना कोणी एका शब्दाने विचारले नाही.

नंतर गावातली वजनदार मंडळी पुढे आली. जमशेटजी जीजीभाई हे पारशी आणि मोतीचंद अमीचंद हे जैन व्यापारी. या दोघांनी इतर सावकारांना बरोबर घेऊन १८३४ साली भुलेश्वरला पांजरपोळ काढली. मोकाट कुत्र्यांना, डुकरांना मारू नका, आम्ही त्यांना सांभाळतो, असे ते म्हणाले. ही पांजरपोळ गिरगावापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि अजून चालू आहे. आज तिथे मुख्यतः गाई दिसतात.

पुढे कापसाच्या गिरण्या आल्या. गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी परळला जनावरांचा दवाखाना उभा करून दिला. त्याला आपल्या पत्नीचे, बाई साकरबाईंचे नाव दिले. हा दवाखाना १८८३ सालचा आहे. १८८६ साली त्याच्याच आवारात जनावरांच्या डॉक्टरांचे कॉलेज निघाले. केईएम हे माणसांचे मोठे इस्पितळही त्याच भागात आहे. माणसाचे दुखणे आणि बैलाचे दुखणे घेऊन लोक परळलाच येतात.

येथवर जे झाले ते सावकारांच्या दानधर्मातून झाले. दान ही चांगलीच गोष्ट. पण सगळ्या शहराचे काम दानावर चालत नाही. त्याला कर गोळा करणारी आणि हिशेब देणारी संस्था लागते.

मुंबईत ती संस्था म्हणजे महापालिका. करदात्यांनी निवडलेले लोक तिच्यात प्रथम १८७२ च्या कायद्याने बसू लागले. आज ती ज्या कायद्याने चालते तो १८८८ सालचा आहे. शहराचे विभाग पाडले आहेत. गिरगाव 'डी' विभागात, परळ-लालबाग 'एफ दक्षिण' विभागात आणि दादरचा पश्चिम भाग 'जी उत्तर' विभागात येतो. आपल्याकडे ग्रामपंचायतीचे सदस्य असतात, तसे तिथे नगरसेवक असतात. किती पैसा कुठे खर्चायचा ते नगरसेवक मंजूर करतात. कामे पार पाडण्याची जबाबदारी आयुक्तांची. आयुक्त सरकारने नेमलेला असतो. पाणी, झाडलोट, इस्पितळे, मंडया आणि हो, रस्त्यावरची कुत्रीसुद्धा, हे सारे तिच्याच अंगावर.

मग महापालिकेने कुत्र्यांचे काय केले? पुष्कळ वर्षे तेच केले, जे कंपनीने केले होते. गाडीतून कुत्री पकडून न्यायची आणि विजेचा धक्का देऊन मारायची. दर वर्षी हजारो कुत्री मारली. तरी लालबागच्या गल्लीत कुत्री होती तितकीच राहिली!

असे का होते, ते नीट समजून घेऊ. कुत्रे आपली हद्द राखते. बाहेरचे कुत्रे आत आले की ते भुंकते, मारामारी करते, त्याला हाकलते. हे तुम्ही गावातही पाहिले आहे. आता गल्लीतली चार कुत्री नेली. पण मच्छीबाजाराच्या मागचा कचरा तिथेच राहिला. खाणावळीचे उष्टे तिथेच पडले. हद्द मोकळी, खाणे तयार. शेजारच्या गल्लीतली कुत्री येऊन बसतात. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते आणि एका वेळी चार-पाच पिले टाकते. वर्षभरात गल्ली पुन्हा भरते. जुनी कुत्री निदान ओळखीची तरी असतात. नवी आलेली बिथरलेली असतात.

म्हणून १९९४ पासून मुंबईत मारणे थांबवून नसबंदी सुरू झाली. सेवाभावी संस्था पुढे आल्या आणि महापालिकेने त्यांना हे काम दिले. २००१ साली केंद्र सरकारने सगळ्या देशासाठी तसे नियम केले. ते २०२३ मध्ये नव्याने केले आहेत. काम असे चालते. कुत्रे जाळीने पकडायचे. कुठून पकडले ते लिहून ठेवायचे. नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची. जखम भरेपर्यंत ठेवून घ्यायचे. मग जिथून आणले तिथेच सोडायचे. ओळख पटावी म्हणून बेशुद्ध असतानाच कानाला एक खाच पाडतात. लालबागला गेलात तर कुत्र्याचा कान पाहा. खाच दिसली तर त्याची नसबंदी झालेली आहे.

"पकडले होते तर परत कशाला सोडले?" असे पुष्कळ लोक रागाने विचारतात. वरचे कारण कळले की राग थोडा ओसरतो. नसबंदी केलेले कुत्रे पिले वाढवीत नाही, पण हद्द मात्र राखते.

मुंबईत २०१४ साली रस्त्यावरची कुत्री मोजली, तेव्हा ती ९५,१७२ भरली. २०२४ च्या पाहणीत आकडा ९०,७५७ आला. म्हणजे संख्या घटली, पण फार नाही. आमचे स्पष्ट मत असे, की नसबंदीचे काम योग्य आहे, पण ते रेंगाळत चालते. दहांतल्या दोन कुत्र्यांची नसबंदी करून उपयोग नाही, बाकीची आठ भर काढतात. लसीचेही तसेच. दहांतल्या निदान सात कुत्र्यांना लस टोचली, तर रेबीजची साखळी तुटते, असे जाणकार सांगतात. तीही एकदाच टोचून भागत नाही, पुन्हा पुन्हा टोचावी लागते.

मग सगळ्या कुत्र्यांना पांजरपोळीसारखे एका जागी का ठेवू नये? हा सवाल ऑगस्ट २०२५ मध्ये थेट सुप्रीम कोर्टात गाजला. ११ ऑगस्टला कोर्टाने दिल्लीतील सगळी कुत्री निवाऱ्यात न्यायला सांगितले. २२ ऑगस्टला तीन न्यायाधीशांनी तो हुकूम बदलला. पिसाळलेली आणि अंगावर धावणारी कुत्री सोडू नयेत, बाकीची नसबंदी व लस करून परत सोडावीत, असे ठरले. ७ नोव्हेंबरला आणखी एक हुकूम झाला. शाळा, इस्पितळे, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन अशा जागांतली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवावीत, ती तिथे परत सोडू नयेत.

आपण नुसता हिशेब करून पाहू. मुंबईत नव्वद हजार कुत्री. एका कुत्र्याला रोज अर्धा किलो अन्न धरले, तर रोज ४५० क्विंटल अन्न लागेल. शिवाय जागा, पाणी, झाडलोट, डॉक्टर. मुंबईत माणसाला दहा बाय दहाची खोली मिळत नाही, तिथे ही जागा कुठून आणणार? आणि दाटीने कोंडलेल्या कुत्र्यांत एकाला रोग झाला की तो सगळ्यांना होतो. निवारा हवा, पण तो आजारी, लंगड्या आणि चावऱ्या कुत्र्यांसाठी. सगळ्या शहराची कुत्री त्यात मावायची नाहीत.

आता दादरची हकिगत ऐका. ती कुत्र्यांची नाही, कबुतरांची आहे, पण १८३२ ची आठवण करून देते. दादर स्टेशनजवळ कबुतरखाना आहे. लोक पुण्य म्हणून तिथे दाणे टाकीत. कबुतरांच्या विष्ठेने काही जणांना फुप्फुसाचा आजार होतो, असे डॉक्टर सांगतात. जुलै २०२५ मध्ये सरकारने शहरातले कबुतरखाने बंद करायला सांगितले. महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला. ६ ऑगस्टला जमाव आला आणि त्याने ताडपत्री फाडली. ठराविक वेळी दाणे टाकू द्यावेत, असे मग महापालिकेला वाटू लागले. तेव्हा हायकोर्टाने सांगितले, आधी जाहीर नोटीस काढा, लोकांच्या हरकती मागवा, मग ठरवा. ऑक्टोबरच्या अखेरीस महापालिकेने वस्तीपासून दूर चार जागा दिल्या आणि सकाळी ७ ते ९ अशी वेळ नेमली. दाणे टाकणाऱ्याला धर्म आहे आणि शेजारी खोकणाऱ्या म्हाताऱ्याला श्वास आहे. दोघांचेही ऐकून घ्यायला वेळ लागतो. तो वेळ आधी दिला असता, तर कदाचित ताडपत्री फाटली नसती.

हे सगळे वाचून तुम्ही म्हणाल, मुंबईचे मुंबईला, आमच्या गावाचे काय? गावातली कुत्रीही ग्रामपंचायतीच्या कक्षेत येतात. ग्रामसभेत हा विषय काढता येतो. गावात कुत्री किती, लस किती जणांना टोचली, मेलेली जनावरे आणि कोंबड्यांची आतडी कुठे टाकतात, हे विचारता येते. उकिरडा उघडा असेल तर कुत्र्यांना दोष देऊन उपयोग नाही. घरच्या कुत्र्याला गुरांच्या दवाखान्यात नेऊन दर वर्षी लस टोचून घ्यावी.

आणि कुत्रे चावलेच तर? हे मात्र प्रत्येकाने पाठ करावे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, रोगी पाण्याला भिऊ लागला, की मग जवळजवळ कोणीच वाचत नाही. पण त्याआधी लस घेतली तर माणूस वाचतो. ही लस फ्रान्समध्ये पाश्चर यांनी १८८५ साली प्रथम एका मुलाला टोचली. परळच्या हाफकिन संस्थेतही ती पुढे तयार होऊ लागली. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. त्या धाकाने लोक दवाखान्यात जातच नसत. ती जुनी लस आता बंद झाली आहे. नवी दंडावर टोचतात.

चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ नसेल तर दोन घागरी पाणी संपेपर्यंत धुवा. जखमेत तिखट, चुना, हळद, तेल काही भरू नका. मंत्र घालणाऱ्याकडे जाऊन दिवस घालवू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लस तिथे फुकट मिळते. जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल, तर जखमेच्या भोवती आणखी एक औषध टोचतात. ते मागून घ्या. ओरखडा लहान असला तरी जा. पिलू चावले तरी जा.

सरकारी दवाखान्यात लस बहुधा कातडीत टोचतात. पहिली त्याच दिवशी. मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. डॉक्टर कार्डावर तारखा लिहून देतात. पुष्कळ जण दोन इंजेक्शने घेतात, बरे वाटते म्हणून पुढची चुकवतात. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. कार्डावरच्या तारखा स्वतः वाचा आणि घरातल्या कॅलेंडरवर त्या दिवसांवर खूण करून ठेवा.